'जिथे जास्तीत जास्त भलं होईल तिथे': एका निधीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमचा एक मित्र गेला. मागे बऱ्यापैकी बचत होती आणि इच्छापत्रात एक ओळ: "उरलेली रक्कम जिथे जास्तीत जास्त भलं होईल तिथे द्यावी." संस्थेचं नाव नाही, क्षेत्र नाही, मुदतही नाही. लिहिताना त्याला ते सोपं वाटलं असणार. ती ओळ अमलात आणायला आम्हाला चौदा महिने लागले आणि तेवढ्या काळात दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकून पाहिलं.

आम्ही पाच जण होतो. एक डॉक्टर, एक हिशेबनीस, एक निवृत्त शिक्षिका (त्यांना सगळेच ताई म्हणतात), मित्राची मुलगी आणि मी. टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे लिहिणंही माझ्याकडे आलं. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि आमच्या चुका बदललेल्या नाहीत.

रकमेबद्दल एवढंच सांगतो की मोठ्या संस्थेच्या ताळेबंदात ती दिसलीही नसती, आणि छोट्या संस्थेचं अख्खं वर्ष तिने पालटलं असतं. हे पुढे आम्हाला महागात पडलं.

अडचण

पहिल्या बैठकीला टेबलावर 14 संस्थांचे अहवाल होते. सगळेच चांगले, आणि अडचण तीच होती. वाईट संस्था वगळायला फार अक्कल लागत नाही. चौदा चांगल्यांतून निवडायचं म्हटल्यावर प्रत्येकाने आपापल्या मनातला एकेक अहवाल पुढे ओढला आणि बाकीचे तेरा बाजूला सारले.

आमचा एक समज तेव्हा कोणी बोलूनही दाखवला नव्हता: या संस्थांत फरक असून असून किती असणार? उन्नीस-बीस. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमका हाच प्रश्न विचारला होता. जगातल्या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिणामकारक संस्था सरासरी संस्थेपेक्षा किती पट सरस असेल? सामान्य लोकांचं उत्तर दीड पटीच्या आसपास होतं. या क्षेत्रातल्या जाणकारांचं होतं 100 पट. जाणकारांचं खरं असेल, तर दीड पटीच्या समजावर निवड करणाऱ्याचे बहुतेक पैसे वाया गेल्यातच जमा. आम्ही त्याच समजावर बसलो होतो.

समोर आलेले पर्याय

हिशेबनीसांनी सर्वांत स्वच्छ दिसणारी कसोटी मांडली: ज्यांचा कार्यालयीन खर्च कमी, त्यांना द्या. डॉक्टरांना आरोग्य हवं होतं, कारण तिथे मोजता येतं. मुलीला शिक्षण हवं होतं, कारण तिचे वडील शिष्यवृत्तीवर शिकले होते. ताईंच्या ओळखीची एक छोटी संस्था होती. तिथली माणसं त्यांनी तीस वर्षं पाहिली होती आणि "माणूस खरा असला की काम खरं असतं" हा त्यांचा मुद्दा होता. मी सुचवलं, चौदा समान वाटे करू. आता कळतं, तो पर्याय नव्हताच, भांडण टाळायची युक्ती होती.

हिशेबनीसांची कसोटी दोन बैठका टिकली. ती ढासळली ती त्यांच्याच तोंडून. एका संस्थेचा कार्यालयीन खर्च जवळजवळ शून्य होता म्हणून त्यांनी खोलात जाऊन पाहिलं. काम झालं की नाही हे तपासायला तिथे एकही माणूस नेमलेला नव्हता. खर्च कमी होता, कारण पाहणीच नव्हती. 2013 मध्ये अमेरिकेतल्या, धर्मादाय संस्थांना गुण देणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं होतं, की निव्वळ कार्यालयीन खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. आम्हाला ते पत्र नंतर सापडलं. आधी सापडलं असतं तर दोन बैठका वाचल्या असत्या. हिशेबनीसांना ते पटलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

दुसरी गोष्ट गुणपत्रिका भरताना लक्षात आली. दोनशे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आणि दोन लाख मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आम्ही पाचही जणांनी जवळपास सारखेच गुण दिले होते. हा माणसाचा जुनाच दोष आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका प्रसिद्ध अभ्यासात लोकांना विचारलं होतं, तेलाच्या डबक्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती पैसे द्याल? 2,000 पक्ष्यांसाठी सरासरी उत्तर 80 डॉलर आलं, 20,000 साठी 78 आणि 2,00,000 साठी 88. मनात एकच पक्षी उभा राहतो, पंख तेलाने माखलेला, आणि हात खिशाकडे जातो तो त्या एकासाठी. मागची शून्यं मनाला दिसतच नाहीत.

पहिला निर्णय: भेट द्यायची की नाही

आम्ही भेट द्यायचं ठरवलं, आणि ही चूक होती असं माझं मत आहे. बाकीच्यांचं नाही.

गेलो ते एका शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात. दोन रांगांत तीस यंत्रं, भिंतीवर पदवीदानाचे फोटो, स्वागताला मुली उभ्या. सह्या त्याच दिवशी झाल्या असत्या. ताई मात्र रांगेतून चालता चालता मागच्या एका यंत्राशी थांबल्या. त्यांनी सुईखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि बोट आम्हाला दाखवलं. धूळ. मग त्या रांगेतल्या सगळ्या यंत्रांची रिळं पाहिली, तर बहुतेकांवरचा दोरा दुकानातून आणल्यासारखा अखंड.

"मागच्या वर्षी शिकून गेलेल्या दहा जणींना भेटता येईल का?" ताईंनी विचारलं. तीन जणी भेटल्या. तिघीही अहवालातल्या फोटोत होत्या.

तिथे लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांना यंत्रांसाठी पैसे मिळाले होते, त्यांनी यंत्रं घेतली होती आणि पावत्या चोख होत्या. शिकून गेलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे विचारायला कोणी पैसे दिले नव्हते, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. देणगीदाराला जे बघायला आवडतं ते संस्था उभं करते. याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला 'प्लेपंप'. मुलांनी फिरत्या पाळण्यावर खेळायचं आणि त्यातून जमिनीतलं पाणी वर यायचं. कल्पना इतकी गोड की 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. नंतर एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला: ठरवलेलं पाणी मिळायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. कित्येक ठिकाणी तो पाळणा बायकाच हाताने ढकलत होत्या, आणि साधा हातपंप त्याहून कितीतरी स्वस्त होता.

परतीच्या वाटेवर मुलीने विचारलं, "काका, हेच पैसे त्या बायकांच्या हातात दिले असते तर?" तेव्हा आम्ही हसलो. पण हा प्रश्न जगात फार गंभीरपणे तपासला गेला आहे. 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था गरीब कुटुंबांना बिनशर्त रोख रक्कम देते. तिच्या केनियातल्या कामाचा अभ्यास 653 गावांत झाला. दहा हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर देण्यात आले आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर आम्ही प्रत्येक संस्थेला एकच पहिला प्रश्न विचारू लागलो: तुमचं काम रोख पैसे वाटण्यापेक्षा सरस आहे हे कशावरून? चौदांपैकी नऊ संस्था इथेच गळाल्या.

दुसरा निर्णय: तक्त्यातला एक रकाना

उरलेल्या पाच संस्थांचा डॉक्टरांनी संगणकावर तक्ता केला. वर होती ती मच्छरदाण्या वाटणारी संस्था (तिला 'ग' म्हणू). मच्छरदाण्यांच्या मागे पुरावा भक्कम आहे. मलेरियाग्रस्त आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपणाऱ्या दर 1,000 मुलांमागे वर्षाला पाच-सहा जीव वाचतात असं दिसलं. जगात आजही मलेरियाने वर्षाला सुमारे 6 लाख माणसं मरतात, आणि त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, पाच वर्षांखालची मुलं.

हिशेबनीस लगेच म्हणाले, "एक मच्छरदाणी घरात लावेपर्यंत पाच-सहा डॉलर. म्हणजे सहा डॉलरमध्ये एक जीव!" असं नसतं. मच्छरदाणी घरातल्या सगळ्यांसाठी जाते, दोन-तीन वर्षांत फाटते. काही घरांत ती आधीच असते, काही घरांत वेष्टनातच राहते, आणि मुख्य म्हणजे तिच्याशिवायही बहुतेक मुलं जगलीच असती. हे सगळं वजा करत गेल्यावर 'गिव्हवेल'सारखी परीक्षण करणारी संस्था आपल्या निवडक कामांसाठी एका जिवामागे साधारण 3,000 ते 5,500 डॉलर असा अंदाज धरते. सहा डॉलरपेक्षा तो मोठा आहे, पण खरा वाटावा असा आहे.

ठिणगी पडली ती दुसऱ्याच रकान्यावरून. एक बालक वाचवणं आणि एका गरीब माणसाचं उत्पन्न वर्षभरासाठी दुप्पट करणं, यांची तुलना कशी करायची? डॉक्टरांनी तिथे 100 लिहिलं होतं. म्हणजे एक जीव बरोबर शंभर माणसांचं दुप्पट उत्पन्न. मुलीने पुढे वाकून तो आकडा 40 केला, आणि पहिल्या क्रमांकाची संस्था तिसरी झाली.

"हा आकडा असा कोणीही ठरवायचा का?" डॉक्टर चिडले.

"काका, आत्तापर्यंत तुम्हीच ठरवला होता. फक्त सांगितलं नव्हतं."

त्यानंतर डॉक्टर दोन बैठकांना आले नाहीत.

हा प्रश्न टेबलाभोवती बसून सुटणारा नाही, पण तो ज्यांना विचारायला हवा त्यांना विचारता येतो. 2019 मध्ये घाना आणि केनियातल्या सुमारे 1,800 गरीब लोकांना असेच प्रश्न विचारण्यात आले. त्यांनी जीव वाचवण्याला, विशेषतः लहान मुलांचे, देणगीदारांच्या तोवरच्या अंदाजापेक्षा बरंच अधिक मोल दिलं. मुलीने तो अहवाल स्वतः शोधून वाचला आणि आपला 40 खोडून डॉक्टरांना फोन केला. ते पुढच्या बैठकीला आले. त्या दिवशीच्या टिपणात मी फक्त 'डॉक्टर उपस्थित' एवढंच लिहिलं आहे.

तिसरा निर्णय: नापास म्हणणाऱ्याला पास करायचं का

'ग'च्या अहवालात शेवटी तीन पानं होती: आमचा एक उपक्रम चालला नाही, म्हणून बंद केला. हिशेबनीसांनी नावावर काट मारली. "स्वतःच फसलो म्हणतात, त्यांना काय द्यायचं?"

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा वाद. त्यात एक खरं उदाहरण उपयोगी पडलं. बांगलादेशात कापणीआधीच्या उपासमारीच्या महिन्यांत मजुरांना शहरात जायला प्रवासखर्चाएवढी मदत दिली, तर ते जातात, कमावतात आणि घरचं खाणं सुधारतं, असं 2008 च्या प्रयोगात दिसलं होतं. त्यावरून 'एव्हिडन्स ॲक्शन' या संस्थेने मोठा कार्यक्रम उभारला. 2017 मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा अपेक्षित परिणाम दिसला नाही. 2019 मध्ये संस्थेने कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारणांसकट. देणगीदार मिळत असताना, अहवालाला साजेशा कहाण्या हाताशी असताना.

ताई म्हणाल्या, "वर्गात 'मला हे येत नाही' म्हणणारं पोर मी कधी नापास होताना पाहिलं नाही." हिशेबनीसांचा आक्षेप मात्र रास्त होता: उद्या सगळेच हुशारीने एखादं छोटंसं अपयश अहवालात घालतील, मग? त्यावर आम्ही ठरवलं की अपयशाची कबुली मोजायची नाही. त्यानंतर काय बंद झालं आणि पैसे कुठे वळवले, ते पाहायचं. 'ग'ने खरंच कर्मचारी हलवले होते आणि उरलेली रक्कम देणगीदाराला विचारून दुसरीकडे लावली होती. काट पुसली गेली.

चौथा निर्णय: आमचे पैसे आले नाहीत तर?

पाचही संस्थांना आम्ही एक पत्र लिहिलं. त्यात एकच प्रश्न: आमची रक्कम आली नाही, तर यंदा तुमचं नेमकं कोणतं काम अडेल? दोन संस्थांनी उत्तराऐवजी आपल्या ध्येयधोरणांचं दृष्टिपत्र पाठवलं. एका मोठ्या संस्थेने चार ओळींत कळवलं की यंदाची गरज भागली आहे, पुढच्या वर्षी विचारावं. 2013 च्या अखेरीस 'गिव्हवेल'ने 'अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन' या मच्छरदाण्या पुरवणाऱ्या संस्थेची शिफारस वर्षभर थांबवली होती, ती अशाच कारणाने. काम उत्तम, पण हातातला पैसा वेळेत मार्गी लागत नव्हता. संस्था चांगली असणं आणि तिला आणखी पैशांची गरज असणं, या दोन बाबी आम्ही तोवर एकच धरून चाललो होतो. 'ग'चं उत्तर एका पानाचं होतं: दोन जिल्हे, इतकी घरं, पावसाळ्याआधीची तारीख.

काय केलं

रकमेचे 20 भाग केले. 13 भाग 'ग'ला. 4 भाग ताईंच्या ओळखीच्या छोट्या संस्थेला, जी नवजात बाळांच्या घरी जाऊन देखभाल शिकवते. 3 भाग मागे ठेवले, अशा कामासाठी जे तक्त्यात बसत नाही.

या शेवटच्या तीन भागांवर मुलीचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. 1958 मध्ये सोव्हिएत युनियनच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य सभेत देवीच्या निर्मूलनाचा ठराव मांडला. 1977 मध्ये सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण आढळला आणि 1980 मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. विसाव्या शतकात त्या रोगाने सुमारे 30 कोटी बळी घेतल्याचा अंदाज आहे. 1958 सालचे झ्दानोव्ह आमच्या तक्त्यात घातले, तर त्यांच्या रांगेत शून्य येतं: लाभार्थी शून्य, भेटीत दाखवण्याजोगं काही नाही, फक्त एक भाषण. आजही रंगातलं शिसं हटवण्यासारखी कामं त्याच जातीची आहेत. 2020 मध्ये सुरू झालेल्या एका छोट्या संस्थेने मलावीत बाजारातले रंग तपासले, त्यात शिसं सापडलं ते सरकारपुढे ठेवलं आणि सरकारने मर्यादा अमलात आणायचं मान्य केलं. तीनपैकी दोन भाग आम्ही अशाच कामाला दिले.

निष्पत्ती

'ग'ने वाटप केलं, पण पहिल्या पावसाळ्याआधी नाही. कारण आमचे पैसे उशिरा पोचले. पाहणीत एका जिल्ह्यात मच्छरदाण्या अपेक्षेपेक्षा कमी घरांत टांगलेल्या आढळल्या. त्यांनी ते स्वतःहून, आकड्यांसह कळवलं. हिशेबनीसांनी ते पत्र वाचून फाइलला लावलं, काही बोलले नाहीत.

छोट्या संस्थेचं आम्ही नुकसान केलं. एकरकमी पैसे गेल्यावर त्यांनी माणसं वाढवली, वाहन घेतलं, नवीन गावं घेतली. दुसऱ्या वर्षी पैसे संपले. नवी माणसं काढावी लागली आणि त्यांच्याबरोबर जुन्यांतल्याही दोन अनुभवी बाया गेल्या. आज त्यांचं काम आम्ही मदत करण्याआधी होतं त्याहून लहान आहे. ताई याबद्दल बोलत नाहीत.

आज पुन्हा करायचं झालं तर

भेट शेवटी ठेवू, किंवा ठेवणारच नाही. छोट्या संस्थेला चार वर्षं चार हप्ते देऊ, आणि किती पेलेल हे तिलाच विचारू. तुलनेचे आकडे पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून बंद पाकिटात लिहून घेऊ, म्हणजे ते नंतर कोणाच्या तक्त्यात लपणार नाहीत. मुदत मात्र सहा महिन्यांची घालू. आमच्या चौदा महिन्यांत रक्कम बँकेत पडून राहिली आणि एक पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात काय झालं असेल, हे डॉक्टरांनी वर दिलेल्या हजारामागच्या प्रमाणावरून काढायला घेतलं होतं. ताईंनी कागद बाजूला ठेवायला सांगितला. मला वाटतं, तो हिशेब पूर्ण करायला हवा होता.

राहिलेला एक भाग अजून बँकेत आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मुलीने पहिला विषय लिहिला आहे: 'ज्यांच्या घरी मच्छरदाणी गेली ते काय म्हणतात?' त्यासाठी एक जण दोन्ही जिल्ह्यांत फिरतो आहे. तो आमच्यापैकी नाही, आणि तो कधी येणार हे 'ग'ला सांगितलेलं नाही.